कोणती हार्ड डिस्क चांगली?



मागच्या व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरं चालली होती, तेव्हा एका बाईंनी मला विचारलं, "सर, तुम्ही स्मृतीवर एवढं बोललात. माझ्या घरच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क बदलायची आहे. कोणती चांगली, तेवढं सांगा." सभागृहात हशा पिकला. मीही हसलो आणि 'पुढच्या वेळी' म्हणून सुटका करून घेतली. घरी जाताना मात्र वाटलं, की प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. म्हणून आज तोच विषय घेतोय. मी कॉम्प्युटरचा माणूस नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. पण हा प्रश्न मी स्वतः भोगलेला आहे, आणि भोगल्यानंतर थोडा अभ्यासही केला आहे.

काय झालं ते आधी सांगतो. आमचे सर, ज्यांच्याकडे मी न्यायदर्शन शिकलो, त्यांचे वर्ग मी विद्यार्थी असताना कॅसेटवर ध्वनिमुद्रित केले होते. एकूण ४६ कॅसेट. सर गेले, कॅसेटना बुरशी धरायला लागली, तेव्हा माझ्या एका विद्यार्थ्यानं चिकाटीनं त्या सगळ्या कॉम्प्युटरवर उतरवून दिल्या. आता सुरक्षित झालं, असं म्हणून घर बदलताना मी मूळ कॅसेट टाकून दिल्या. त्यातल्या ३५ कॅसेटची नक्कल मी एका बाहेरच्या डिस्कवर केली होती. तेवढ्यात ती डिस्क भरली. उरलेल्या ११ नंतर करू म्हटलं. ते 'नंतर' पाच वर्षं चाललं. मग एका सकाळी कॉम्प्युटर सुरू केला, तर आतून टक्, टक्, टक् असा आवाज. पाल चुकचुकते ना, तसा. पडद्यावर काहीच नाही. नऊ वर्षं एकदाही कुरकुर न केलेली डिस्क त्या दिवशी गेली, आणि तिच्याबरोबर ११ कॅसेट गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी लोकल पकडून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवर गेलो. कॉम्प्युटरचं सामान घ्यायचं तर मुंबईत आमच्या पिढीला तीच जागा माहीत. एका दुकानात शिरलो आणि त्या बाईंनी मला विचारलं तेच मी त्या मुलाला विचारलं, "चांगली हार्ड डिस्क कोणती?" तो म्हणाला, "काका, कशासाठी पाहिजे?" मी म्हटलं, "कॉम्प्युटरसाठी." तो माझ्याकडे नुसता बघत राहिला.

अहो, मी वर्षानुवर्षं वर्गात अॅरिस्टॉटल शिकवत होतो! 'चांगलं' हा शब्द वस्तूच्या कामाशी बांधलेला आहे, काय कापायचं ते कळल्याशिवाय सुरी चांगली की वाईट हे सांगता येत नाही, हे पोरांकडून पाठ करून घेत होतो. आणि दुकानात उभा राहिल्यावर सगळं विसरलो. त्या मुलाचा प्रश्न बरोबर होता, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता आपण ते उत्तर शोधू. घरातली डिस्क दोन कामं करते. आपण ती एकाच वस्तूकडून करून घेतो, म्हणून दोन आहेत हे लक्षात येत नाही. एक काम स्वयंपाकाच्या ओट्याचं. विंडोज सुरू होणं, प्रोग्रॅम उघडणं, आत्ता लिहीत असलेली फाईल. इथे पटपट हाताशी येणं महत्त्वाचं. दुसरं काम माळ्याचं. लग्नाचे फोटो, जुने कागद स्कॅन केलेले, माझ्यासारख्याची ध्वनिमुद्रणं. ही वर्षातून दोनदा उघडली जातात, पण उघडू तेव्हा ती जागेवर असली पाहिजेत. ओटा आणि माळा. यातलं काय विकत घेतोय हे ठरवलं, की निम्मा गोंधळ संपतो.

बाजारात वस्तूही दोन जातींच्या आहेत. पहिली, जुनी, फिरणारी हार्ड डिस्क. हिचा इतिहास १९५६ पासूनचा. आयबीएमनं पहिली डिस्क बाजारात आणली, तिच्यात २४ इंची ५० तबकड्या होत्या आणि सगळ्या मिळून सुमारे ५० लाख अक्षरं मावत. वजन टनाच्या घरात. आजच्या डिस्कमध्ये तत्त्व तेच आहे. ग्रामोफोनसारखी तबकडी फिरते आणि एका दांडीच्या टोकावरचं हेड तिच्यावरची चुंबकीय खूण वाचतं. फरक एवढाच, की ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकते, हे हेड टेकत नाही. ते हवेच्या पातळ थरावर तरंगतं, काही मोजक्या नॅनोमीटर उंचीवर. आपल्या केसाची जाडी सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर असते, यावरून अंदाज करा. म्हणून चालू असलेला कॉम्प्युटर ओढत दुसऱ्या टेबलावर नेऊ नये. माझी टकटक म्हणजे, मला नंतर समजावून सांगितलं त्याप्रमाणे, हेडला आपली जागा सापडत नव्हती आणि ते पुन्हापुन्हा परत येऊन शोधत होतं.

ही डिस्क हळू का, तेही गणितानं बघू. साधारण घरगुती डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते. म्हणजे सेकंदाला १२०, एका फेऱ्याला ८ मिलिसेकंदांहून थोडं जास्त. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, ४ मिलिसेकंद. त्याआधी दांडी योग्य वर्तुळावर न्यायची, तिचे आणखी आठ-नऊ. एकूण १२-१३ मिलिसेकंद. म्हणजे विखुरलेल्या जागा वाचायच्या असतील तर ही डिस्क सेकंदाला पाऊणशे-ऐंशी जागा वाचते, त्यापलीकडे नाही. विंडोज सुरू होताना हजारो बारीकसारीक फाईल लागतात. मग आपण चहा टाकून येतो.

दुसरी जात एसएसडी. हिच्यात फिरणारं काहीच नाही. पेनड्राइव्हच्या कुळातल्या चिप असतात. इथून तिथे जाणारी दांडीच नाही, त्यामुळे कुठलीही जागा साधारण दहाव्या हिश्श्याच्या मिलिसेकंदात मिळते. मी जुन्या कॉम्प्युटरला एसएसडी लावली तेव्हा घरी विचारणा झाली, "अहो, नवा कॉम्प्युटर आणलात की काय?" मिलिंदप्रश्नात नागसेन राजाला विचारतो ना, की रथ म्हणजे चाक का, आस का, जू का? तशी गंमत. डबा तोच, पडदा तोच, कीबोर्डवरचा 'क' पुसलेला तोही तोच, आणि तरी घरच्यांच्या लेखी वस्तू नवी.

म्हणून माझा सरळ सल्ला: ओट्यासाठी आज फिरणारी डिस्क घेऊ नका. विंडोज एसएसडीवरच ठेवा. पाच-सात वर्षं जुना कॉम्प्युटर हळू झाला म्हणून लोक टाकून देतात, त्यातले कितीतरी एवढ्या एका बदलानं आणखी काही वर्षं चालतील. माळ्यासाठी मात्र फिरणारी डिस्क अजून कामाची आहे, कारण तेवढ्याच जागेला ती बरीच स्वस्त पडते.

विकत घेण्याआधी कॉम्प्युटरचं झाकण उघडून बघा, किंवा जाणत्या पोराला बघायला सांगा. एसएसडी दोन रूपांत मिळते. एक चपट्या काडेपेटीसारखी, अडीच इंची, साटा केबलनं जोडायची. दुसरी च्युइंगमच्या कांडीसारखी, २२ मिलिमीटर रुंद आणि बहुधा ८० मिलिमीटर लांब, मदरबोर्डवरच्या एम-डॉट-टू नावाच्या खाचेत बसणारी. गोम अशी, की ही खाच म्हणजे फक्त आकार आहे. तिच्यात बसणारी कांडी साटा भाषा बोलणारी असू शकते किंवा एनव्हीएमई भाषा बोलणारी. काही बोर्डांना दोन्ही कळतात, काहींना एकच. कांडी बसली म्हणजे चालेलच, असं नाही. बोर्डाचा नंबर बघून खात्री करा. माझ्या २०१२ च्या बोर्डावर अशी खाचच नव्हती, त्यामुळे प्रश्न मिटला.

वेगाच्या आकड्यांनी हुरळून जाऊ नका. साटा एसएसडी सेकंदाला साडेपाचशे मेगाबाइटच्या आसपास वाचते, एनव्हीएमई साडेतीन हजार, सात हजार, त्याहूनही वर. हे आकडे एक भलीमोठी फाईल सलग वाचतानाचे. व्हिडिओ संपादन करणाऱ्याला त्यांचा उपयोग आहे. तुम्ही-आम्ही पत्र लिहिणार, बँकेचं काम करणार, नातवाचा फोटो बघणार. फिरणाऱ्या डिस्कवरून एसएसडीवर आलात की फरक डोळ्यांना दिसतो. साटावरून एनव्हीएमईवर गेलात तर तो घड्याळ लावून शोधावा लागतो. नवा बोर्ड असेल आणि किंमत सारखी असेल तर जरूर एनव्हीएमई घ्या, पण तेवढ्यासाठी बोर्ड बदलू नका.

एसएसडीच्या खोक्यावर आणखी दोन शब्द दिसतील, टीएलसी आणि क्यूएलसी. एका कप्प्यात किती बिट कोंबले, एवढाच त्यांचा अर्थ. तीन बिट ठेवायचे तर विद्युतभाराच्या आठ पातळ्या ओळखाव्या लागतात, चार ठेवायचे तर सोळा. पातळ्या जितक्या जवळजवळ, तितकं लिहिणं नाजूक आणि झीज लवकर. शक्य तर टीएलसी घ्या. पण झिजेची धास्तीही नको. लिखाणाची हमी टीबीडब्ल्यू या आकड्यात देतात. ५०० गिगाबाइटच्या चांगल्या डिस्कला तो ३०० टेराबाइटच्या आसपास असतो. रोज २० गिगाबाइट लिहिलंत, आणि घरी कोण एवढं लिहितं, तरी वर्षाला ७.३ टेराबाइट होतात. ३०० संपायला ४१ वर्षं. माझं वय ७४. पुढचं गणित तुम्ही करा. (हशा)

आता एक वाद, जो प्रत्येक घरात होतो. १ टेराबाइटची डिस्क आणली, लावली, कॉम्प्युटर म्हणतो ९३१ गिगाबाइट. दुकानदारानं फसवलं! फसवलं नाही. आपल्या न्यायसूत्रांत छल नावाचा वादाचा एक दोष सांगितला आहे. त्याचं प्रसिद्ध उदाहरण 'नवकंबल'. एक जण म्हणतो, याच्याकडे नव कंबल आहे, म्हणजे नवं कांबळं आहे. दुसरा म्हणतो, नऊ कांबळी कुठायत? एकच दिसतंय! शब्द एक, अर्थ दोन. इथेही तेच. कारखाना गिगाबाइट म्हणताना १०० कोटी बाइट मोजतो. विंडोज तोच शब्द वापरतं, पण १,०२४ गुणिले १,०२४ गुणिले १,०२४ मोजतं, म्हणजे १०७ कोटींच्या वर. १९९८ मध्ये या दुसऱ्या मापाला 'गिबीबाइट' असं वेगळं नावही दिलं गेलं, पण ते लोकांच्या तोंडी बसलं नाही. तेव्हा ५०० ची डिस्क ४६५ दिसेल आणि २ टेराची १.८१, हे धरूनच चाला.

फिरणाऱ्या डिस्कमध्ये मात्र एक खरी खोच आहे, आणि ती खोक्यावर लिहिलेली नसते. कोकणातल्या घरावरची कौलं आठवा. वरची ओळ खालच्या ओळीवर थोडी चढवलेली असते, त्यामुळे जागा वाचते. मधलं एक कौल फुटलं तर काय करावं लागतं? त्याच्यावर चढलेली कौलं उचलावी लागतात आणि परत लावावी लागतात. काही डिस्कमध्ये लिखाणाची वर्तुळं अशीच एकमेकांवर चढवून लिहितात. त्याला एसएमआर म्हणतात. साध्या, सुट्या वर्तुळांची ती सीएमआर. एसएमआर डिस्कवर मधलं थोडं बदलायचं तर पुढचा बराच भाग पुन्हा लिहावा लागतो, आणि मोठं काम आलं की ती बैलासारखी बसते. २०२० साली असं उघडकीला आलं, की उत्पादक काही मॉडेलमध्ये ही पद्धत वापरत होते आणि माहितीपत्रकात तसं स्पष्ट सांगत नव्हते. गिऱ्हाइकांनी ओरड केल्यावर कुठल्या मॉडेलमध्ये काय आहे ते जाहीर झालं. माझ्या मते न सांगणं हे इथे खोटं बोलण्याच्या फार जवळ होतं. पण वस्तू म्हणून एसएमआर वाईट, असंही मी म्हणणार नाही. एकदा लिहून ठेवून द्यायचं असेल तर ती चालते. माळाच आहे तो. रोजची लिहाखोड करायची असेल, तर दुकानात मॉडेल नंबर विचारून सीएमआर आहे ना, हे बघून घ्या.

आता मला जे मुख्यतः बोलायचंय तिथे येतो. 'चांगली' याचा आपल्या मनातला खरा अर्थ असतो 'न बिघडणारी'. माझाही तोच होता. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात एमटीबीएफ म्हणून एक आकडा असतो, समजा १० लाख तास. वर्षाचे तास ८,७६०. भागाकार केला तर ११४ वर्षं. वा! पणतवंडांपर्यंत चालेल! असा अर्थ नाही हो. तो आकडा एका डिस्कबद्दल बोलतच नाही. त्याचा अर्थ असा, की अशा १,००० डिस्क वर्षभर चालवल्या, तर त्यांपैकी सुमारे नऊ जातील. तिशीतल्या १,००० माणसांपैकी वर्षात एक दगावला, म्हणून तिशीतला प्रत्येक जण हजार वर्षं जगेल असं आपण म्हणतो का? समूहाबद्दलचं विधान आपण व्यक्तीवर बसवतो, ही चूक. आणि त्या नवांत माझी डिस्क आहे का, याचं उत्तर आकडेशास्त्र देत नाही. ते त्याचं कामच नाही.

मग आपण दुसऱ्या वाटेनं जातो: ही डिस्क नऊ वर्षं चालली, म्हणून उद्याही चालेल. ह्यूमनं याच अनुमानावर बोट ठेवलं. काल सूर्य उगवला, परवा उगवला, यातून उद्याचं तर्कानं निघत नाही. निघते ती फक्त आपली सवय. आपल्याकडे चार्वाकांनी त्याच्या कितीतरी आधी हाच आक्षेप घेतला होता. धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती तुम्ही सगळ्या ठिकाणी, सगळ्या काळात तपासलीत का? नैयायिकांनी त्यांना उत्तरं दिली, ती मी पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांना समजावून सांगितली. सरांच्या त्या कॅसेटमध्येही हाच भाग होता. पण माझ्या टेबलाखालच्या डब्यानं चार्वाकाच्या बाजूनं निकाल दिला.

कुणी म्हणेल, डिस्क आधी इशारा देते की. देते, कधीकधी. प्रत्येक डिस्क आपली प्रकृती स्वतः नोंदवत असते. स्मार्ट म्हणतात त्या नोंदीला, आणि क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या फुकट प्रोग्रॅमनं ती वाचता येते. खराब झालेल्या जागा बाजूला काढल्याचा आकडा, म्हणजे रिअॅलोकेटेड सेक्टर, वाढायला लागला तर डिस्क बदलायची वेळ झाली. पण गूगलनं २००७ मध्ये आपल्याकडच्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात असं दिसलं, की गेलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिकांनी या नोंदीतल्या सर्वांत भरवशाच्या चार लक्षणांपैकी एकही आधी दाखवलं नव्हतं. धूर दिसला तर अग्नी माना. धूर नाही म्हणून निर्धास्त झोपू नका.

म्हणून मी त्या दुकानात शेवटी काय केलं, ते सांगतो. एक महागडी 'कधीही न बिघडणारी' घेण्यासाठी जे पैसे नेले होते, त्यात तीन साध्या वस्तू घेतल्या. ओट्यासाठी ५०० ची साटा एसएसडी. माळ्यासाठी २ टेराबाइटची फिरणारी डिस्क, सीएमआर, कॉम्प्युटरच्या आत. आणि तेवढ्याच क्षमतेची एक बाहेरची, केबलनं लावायची, जी एरवी कपाटात असते. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती लावतो, माळ्यावरचं तिच्यावर उतरवतो आणि काढून ठेवतो. काढून ठेवणं महत्त्वाचं. कायम लावून ठेवलेली नक्कल ही अर्धीच नक्कल. व्हायरस आला, वीज कडाडली, किंवा मीच चुकून फोल्डर पुसलं, तर दोन्हीकडचं जातं. शेजारचा इंजिनिअरिंगचा मुलगा म्हणाला, "आजोबा, तिसरी प्रत घराबाहेर पाहिजे." त्याचं म्हणणं मला पटलं. आग आणि पूर कपाटं वेगळी ओळखत नाहीत. आता एक डिस्क पुण्याला मुलीकडे असते. दिवाळीला ती इकडे येते, इथली तिकडे जाते. ज्यांना इंटरनेटवर ठेवणं जमतं त्यांनी तिथे ठेवावं. दर महिन्याचं शुल्क भरायचं विसरलं तर काय, हा प्रश्न मात्र तिथे आहे.

वॉरंटीबद्दल एकच सांगतो. तीन वर्षांची असते, पाच वर्षांची असते. जास्त वर्षांची असेल तर चांगलंच, आणि बिल जपून ठेवा. पण ती डिस्कची वॉरंटी आहे. डिस्क गेली तर डिस्क मिळेल, कोरी.

आणि एक सावधगिरी. इंटरनेटवर '१६ टेराबाइट, फक्त २,००० रुपये' असली जाहिरात दिसली तर पुढे जा. आत एखादं छोटं मेमरी कार्ड चिकटवलेलं असतं आणि कॉम्प्युटरला खोटा आकडा सांगितलेला असतो. फाईलची नावं दिसतात, आत काही नसतं. दुकानातून घेतलेली डिस्कही लावल्याबरोबर त्या स्मार्ट नोंदीत किती तास चालली आहे ते पाहा. नवी डिस्क दोन-चार तास दाखवेल. हजारो दाखवत असेल तर ती दुसऱ्या कुणाची तरी आहे. परत करा, आणि त्याच दिवशी करा.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न : सर, एसएसडीच कपाटात ठेवली तर? तिच्यात फिरणारं काही नाही, म्हणजे जास्त टिकेल ना?

मलाही तसंच वाटायचं. पण तिच्यात माहिती म्हणजे कोंडलेला विद्युतभार, आणि तो हळूहळू गळतो. घरगुती एसएसडीचं जे मानक आहे त्यात, पूर्ण झिजेपर्यंत वापरलेल्या डिस्कनं वीज न देता ३० अंश तापमानात एक वर्ष माहिती धरावी, एवढीच अपेक्षा आहे. नवी डिस्क याहून खूप जास्त धरते. तरी वर्षानुवर्षं कपाटात विसरण्यासाठी मी ती ठेवणार नाही. फिरणारी डिस्कसुद्धा अधूनमधून लावून बघावीच लागते.

प्रश्न : माझी डिस्क आवाज करते, पण चालू आहे. दुरुस्तीचा प्रोग्रॅम चालवू का?

नको. आधी सर्वांत मोलाचं काय ते ठरवा आणि तेवढं आजच्या आज दुसरीकडे उतरवा. दुरुस्तीचा प्रोग्रॅम सगळी डिस्क पिंजून काढतो, आणि मरणाऱ्या डिस्कला तो ताण झेपत नाही. माझ्यासारखी टकटक असेल तर ताबडतोब बंद करा आणि पुन्हा सुरू करून बघू नका. मी मोहानं सहा-सात वेळा सुरू करून पाहिली. प्रत्येक वेळी हेड तबकडी खरवडत असण्याची शक्यता असते, हे मला नंतर कळलं.

प्रश्न : त्या ११ कॅसेट परत मिळाल्या का?

एका प्रयोगशाळेत डिस्क दाखवली. त्यांनी ४० हजार रुपये सांगितले आणि मिळेलच अशी खात्री नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितलं. मी अजून ठरवलेलं नाही. डिस्क टेबलाच्या खणात आहे, कशालाही न जोडलेली. दरम्यान माझ्या एका वर्गमित्राकडे तीन कॅसेट निघाल्या. त्यानं त्या काळी माझ्याकडून नेऊन दुसऱ्या टेपवर उतरवून घेतल्या होत्या आणि चाळीस वर्षं परत मात्र केल्या नव्हत्या. म्हणजे आठ उरल्या. व्याप्तीवरचे वर्ग आहेत त्यात. आणखी कुणी माझ्याकडून किंवा त्या मित्राकडून कॅसेट उतरवून नेल्या असतील, किंवा तुमच्या वडिलांच्या, काकांच्या सामानात अशी हातानं नाव लिहिलेली कॅसेट असेल, तर कार्यक्रम संपल्यावर मी दारापाशी थांबतोय, मला भेटा.